डोयचिनची मान

डोयचिनची मान आता हलत नाही. मानेला काही झालेलं नाही हो, तोच हलू देत नाही. काहीही विचारा, ताठ बसून तोंडानेच "हो" नाहीतर "नाही" म्हणणार.

पिरिनच्या डोंगरात तेवीस वर्षं तो प्रवाशांचा निवारा सांभाळतोय. बर्फाची त्याची पारख पक्की. एप्रिलात रात्री गोठलं नाही, की सकाळी घेवड्याचं सूप वाढतानाच तो बजावायचा, "आज मागच्या उतारावर पाऊल टाकाल तर खबरदार! दहानंतर तिथला सगळा बर्फ खाली येतो." आपले लोक ऐकायचे. परक्यांची भाषा मात्र त्याला ओ की ठो येत नव्हती. त्यांच्याशी सगळा कारभार मानेचा, आणि आम्हा बल्गेरियन लोकांची मान जगाच्या उलट. वर उडवली की नाही, डावी-उजवीकडे हलवली की हो. चहा नको म्हणणाऱ्यांना तो किटलीभर चहा पाजायचा. मुलगी नेवेना हसून हसून बेजार व्हायची. "बाबा, परक्यांपुढे मान आवरा. एक दिवस गोत्यात याल!"

गेल्या एप्रिलात एक परकी मुलगी स्की घेऊन आली. सकाळी तिने मागच्या उताराकडे बोट केलं, घड्याळातला बाराचा आकडा दाखवला, भुवया उंचावल्या. बारापर्यंत तिथे गेलं तर चालेल ना? डोयचिनने दोनदा मान वर उडवली. ती गोड हसली, त्याचा हात दाबला आणि निघाली. गेली असेल खाली गावाकडे, असं समजून तो लाकडं फोडायला लागला. साडेअकराला उतार गडगडत खाली आला. कडेला तिच्या स्कीचं टोक दिसलं. आधी फावड्याने, मग नुसत्या हातांनी तो उकरत राहिला. सापडली, पण फार उशीर झाला होता.

आठवड्याने तिची आई आली. नेवेना दुभाषी झाली. आईने एवढंच विचारलं, "माझी पोर कधीच हट्टी नव्हती. तुम्ही तिला जाऊ नको म्हणाला होतात का?"

डोयचिनची मान आपसूक डावीकडे गेली, उजवीकडे गेली. हो, म्हणालो होतो.

आईने ते पाहिलं. "म्हणाला नव्हतात," ती पुटपुटली आणि हुंदके देऊन रडायला लागली. नेवेना घाईने काही सांगणार, तोच त्याने तिचा दंड धरला.

"राहू दे गं. पोर बिचारी माझ्या मानेचं ऐकूनच गेली."

"अहो बाबा, सगळा दोष तुमच्यावर येईल!"

"येऊ दे. तिच्या पोरीवर नको."