डबा घेऊन चालणारे दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरात तांदळाचं धुवण कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत होते. पलीकडून भाची नुसतीच रडत होती... मग म्हणाली, "मावशी, अप्पा गेले. झोपेतच." मी फोन ठेवला आणि पातेल्यात उरलेलं धुवणही कुंडीतच ओतलं. वापरलेलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, हे वळण दाजींनीच लावलेलं. ते त्या क्षणीही सुटलं नाही. मग मात्र ओट्याला टेकून पोटभर रडले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ते चाकूरजवळच्या खेड्यातले, आम्ही बहिणी उमरीकडच्या. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेऱ्यांना माणसं हवी होती. दाजींची तिकडं बदली झाली आणि शहराबाहेरच्या माळावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अक्काचा संसार लागला. दोन खोल्या, दारापुढं सामाईक नळ आणि घरातच संडास. अक्काला खोल्यांपेक्षा त्या संडासाचंच अप्रूप! पाहुणा आला की आधी त्याचं दार उघडून दाखवायची. मी हसले की म्हणायची, "हास तू! ओढणीखाली डबा लपवून अंधारात जायचो अन् कुणाच्या बी बांधावरून हाकलून लावायचे, इसरलीस का?" मी विसरले नव्हते. गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीतल्या बायांनी लांब उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी ओतलं तरच घागर भरायची, हेही विसरले नव्हते. इथं संडासाच्या दाराला आतून कडी होती. ती कडी लावताना अक्काला काय वाटत असेल ते मला कळायचं.

चाळिशीच्या आतच दाजींच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. दाजी दोन-चार दिवस गेले आणि घरी बसले. मी शाळेच्या सुट्टीत तिकडं गेले होते, विचारलं तर म्हणाले, "मास्तरीणबाई, हात हलवत चालणं मला जमत न्हाई. माझ्या बापाला गावात कुणी रिकाम्या हातानं फिरू दिलं न्हाई. 'कुठं निघालास रे?' म्हणून हटकायचेच. अजून बी समोरून कुणी आलं की वाटतंय, आता इचारतंय." मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. माळावरच्या रस्त्याच्या कडेला कुणीतरी हौसेनं लावून विसरून गेलेली कडुलिंबाची रोपं होती. भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी पत्र्याच्या जुन्या डब्यात भरायचं आणि रोपांना घालून यायचं. आता त्यांच्या चालण्याला काम मिळालं होतं. ते खुशीत निघायचे.

पण उजाडायच्या आत, खांद्यावर टॉवेल टाकून, हातात डबा घेऊन माळाकडं निघालेला माणूस... आपल्याकडं याचा अर्थ एकच होतो. नळावर एका शेजारणीनं अक्काला चारचौघींत विचारलं, "काय हो, तुमच्याच घरात संडास न्हाई का?" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. अक्का घरी आली ती तणतणतच.

"साऱ्या जल्माची धडपड ह्या डब्यातून सुटायसाठी केली, अन् तुम्ही त्योच घेऊन मिरवून राहिलात!"

"अगं, झाडाला पाणी घालून राहिलो मी."

"लोकाला झाड दिसत न्हाई. डबा दिसतोय. आपलं आडनाव कळल्यापासून तसंच बघून राहिलेत, त्यात ही भर!"

तिनं डबा माळ्यावर टाकला. दाजींचं चालणंही थांबलं. मला तेव्हा दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा. एकाला हात रिकामे असण्याची भीती, दुसरीला हातात डबा दिसण्याची. दोन्ही भीती आल्या होत्या एकाच गावकुसाबाहेरून. कोणी कोणाला समजवायचं?

पुढं एका दुपारी दाजी कचेरीत चक्कर येऊन पडले. सोबतच्यांनी दवाखान्यात नेलं, नंतर घरी आणून सोडलं. साखर भलतीच चढली होती. बरं वाटून ते हिंडूफिरू लागले, त्या सकाळी त्यांना उंबऱ्याशी डबा दिसला. घासलेला, काठोकाठ भरलेला. अक्का चुलीकडं तोंड करून म्हणाली, "जावा. लोकाचं मी बघते." आणि तिनं बघितलं. नळावर कुणी हसलं तर ऐकू न आल्यासारखं करायची आणि घागर घेऊन परतायची. तिला ते सोपं गेलं नाही, हे मी जवळून पाहिलंय.

मग ओळीनं पावसाळे कोरडे गेले. नळाला कोरड पडली, टँकर सुरू झाला. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी निघू लागली, त्याच पाण्यानं फरशी. दाजी ओल्या फडक्यानं अंग पुसून कचेरीत जायचे. एवढं करून सकाळी डब्याच्या तळाला थोडं पाणी उरायचं, त्यात एकच रोप जगलं असतं. दाजींनी टँकर थांबायचा तिथलं रोप निवडलं. "तिथं बाया उन्हात उभ्या ऱ्हातात," एवढंच म्हणाले. बाकीची रोपं वाळत होती, आणि त्यांना रोज त्यांच्या शेजारूनच जावं लागायचं. एकदा मी सोबत होते. त्या पट्ट्यात त्यांनी मान वर केली नाही. "लई वंगाळ वाटतंय ओ," म्हणाले.

ते एक झाड जगलं आणि चालणारे दाजीही जगले. साखर शेवटपर्यंत सोबत होती, पण ऐंशीच्या घरापर्यंत ते तिला धाकात ठेवून राहिले. दोन वेळा ज्वारीची भाकरी, पाय चालतायत तोवर रिक्षा नाही आणि सकाळी डबा. त्या लिंबाखाली आता भाजीवाल्या बसतात. त्याला कुणी पाणी घालायची गरज उरली नाही, म्हणून दाजींनी पुढच्या रस्त्याला नवी रोपं धरली होती. निवृत्तीनंतर घर बांधलं तेही तिथून जवळच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. मी अक्कासाठी राहिले. दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर अक्का पायात चपला सरकवत होती. पांढरं लुगडं, हातात दाजींचा डबा. मी तिच्यामागून निघाले. फाटकाशी शेजारची तरुण सून झाडत होती. देगलूरकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिनं अक्काकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि काळजीनंच विचारलं, "आजी, घरात संडास न्हाई का?"

अक्का थांबली. तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"हाय की बाई. आतून कडी बी हाय," ती म्हणाली. "ही ह्यांची झाडं हायत. येतीस का संगं? चालणं बी होतंय."

सून हसली, झाडू भिंतीला लावून पदर खोचत आली. अक्का पुढं निघाली होती. पदर डोक्यावरून हातापर्यंत आलेला, पण त्याखाली तिनं डबा झाकला नव्हता.