कुर्माच्या दारात कॅमेरा

"तू पण बसतेस का गं कुर्मात?"

चंद्रपुरात, शिक्षणाला मदत देणाऱ्या एका संस्थेच्या ऑफिसात, चहा पिता पिता तिथल्या साहेबांनी विचारलं. बाजूला आणखी दोघं पुरुष. मानसशास्त्रात एम.ए. करायचं म्हणून मी मदत मागायला गेले होते. माझे बी.ए.चे मार्क कुणी पाहिलेही नाहीत. पाळीच्या दिवसांत आमच्या माडिया बायका गावाच्या कडेच्या ज्या झोपडीत राहतात, त्या कुर्माबद्दलच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"बसते," मी म्हटलं. तिघंही बघत राहिले. अंगावरचं कापड कुणी ओढावं तसं वाटलं. तरी बसून राहिले. उठून जाणार कुठं? सरकारी शिष्यवृत्ती उशिरा येते, नागपूरचं कॉलेज फी आधी मागत होतं. बँकेनं तारण मागितलं. बापाकडं धानाच्या शेताची एक बांधी, तीही वनजमिनीतली, तारणाला न चालणारी.

आणि शिकायचं तर होतंच. माझी काकू बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली. पुजाऱ्यानं कोंबडं कापलं, डॉक्टरनं रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारं कुणी मिळालं नाही. ते काम मला करायचं होतं.

पुढच्या आठवड्यात साहेब एटापल्लीच्या पुढं आमच्या गावात आले. मदत देण्याआधी घर पाहायचं, ही त्यांची पद्धत. सोबत फोटोग्राफर. आई तेव्हा कुर्मात होती.

"मस्त!" साहेब म्हणाले. "तिथंच फोटो काढू. देणगीदारांना हेच दाखवावं लागतं."

तिकडं पुरुष जात नाहीत, माझा बापही जात नाही, असं मी सांगितलं. साहेब हसले आणि चालू लागले. फीची मुदत तोंडावर आली होती. मी मुकाट मागं गेले.

आई भिंतीकडं तोंड करून बसली.

"बाई, जरा दारात या. चेहरा दिसू द्या. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

आईला मराठी फारसं येत नाही. 'शिक्षण' मात्र कळलं. ती सरकत सरकत दारात आली. तोंडावर धरलेला पदर तिनं स्वतःच्या हातानं खाली घेतला.

माझ्यासाठी. जन्मभर पाळलेलं ती माझ्या फीसाठी मोडत होती. माझ्या डोक्यात आग पेटली. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"फोटो नाई निघणार, साहेब."

"मग फी पण विसर. मानसशास्त्र शिकायचंय ना? मन जरा मोठं कर."

"माही माय काऊन दाखवता लोकायले? माहे मार्क दाखवा ना!"

गाडी गेली. आई माडियात एवढंच म्हणाली, "काऊन अडवलं? मी आली होती ना दारात."



मुदत गेली, जागाही गेली. पोरगी उर्मट आहे, हे साहेबांनी चार ठिकाणी सांगितलं. आता मी एटापल्लीत झेरॉक्सच्या दुकानात उभी असते. काकू अजून बोलत नाही. कोंडून घातल्यासारखे दिवस जातात.

कुर्मा मलाही नकोय. पण तो आमच्या बायका मोडतील, मी त्यांच्यात बसून मोडेन. आणि एम.ए. मी करणारच. पुन्हा मदत मागेन, पुन्हा अशाच साहेबांसमोर बसेन. कुर्माचं विचारलं, तर आधी त्यांनी सांगायचं, पाळीत तुमच्या घरची बाई देव्हाऱ्याला हात लावते का? उत्तर मिळेपर्यंत मी खुर्चीवरून हलणार नाही.