लाल ठिपक्याचं चाक

जयतीर्थ भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वसुमतीअक्काचे यजमान. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं दातेरी चाकं तपासत आले. चाकाचा एक दात जरी बेताचा निघाला तरी त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि ते भंगारात टाकायचं, हे त्यांचं काम. मल्लेश्वरमला घरी आले तरी ठिपके द्यायचं थांबत नसे. शेजारणीची रांगोळी, भटजींचे मंत्र, माझा भांग, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी नापास केलेलं आहे.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत पाळी आली अपूर्वची. त्यांच्या मुलीनं, माझ्या भाचीनं अनुषानं, पसंत केलेला मुलगा. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, आमच्यातलाच, स्वभावानं सोनं. पण चारला येतो म्हणाला की कधी पावणेचारला हजर, कधी साडेपाचला. भाऊजींना उशिराचं एवढं वाटत नव्हतं. रोज नेमका अर्धा तास उशीर केला असता तर त्यांनी चालवून घेतलं असतं, पण याचा काही नेमच नव्हता. म्हणून ते होकार देईनात. अनुषाचं तोंड एवढंसं झालं. अक्कानं मात्र लग्नाच्या सांडग्यांसाठी कोहळा किसायला घेतला. यांचा होकार मे महिन्यातही मिळेल, वाळवणाचं ऊन मिळणार नाही, असं तिचं म्हणणं.

सांडगे गच्चीवर आणि गच्चीवर माकडं. दोन वाळवणं त्यांच्या पोटात गेली. अपूर्व नुकताच जपानहून आला होता. तिथून आणलेली विजेवरची खेळण्यातली बंदूक त्यानं आणून दिली. चाप ओढला की ती प्लास्टिकचे छर्रे उडवायची. अक्कानं अट घातली, मुख्यप्राणाच्या, म्हणजे मारुतीच्या, जातभाईंना एकही छर्रा लागता कामा नये. म्हणून तारेवर डब्याचं पत्र्याचं झाकण टांगलं, बंदूक स्टुलाला बांधली आणि नेम झाकणावर धरला. आवाजानंच माकडं पळवायची. चाप ओढताच साठ छर्रे पाच सेकंदांत संपले. माकडं कठड्यामागे गेली, सगळं शांत झाल्यावर परत आली आणि जेवायला बसली.

"उधळी आहे ही," भाऊजी म्हणाले. त्यांचा रोख नुसता बंदुकीवर नव्हता.

वेग कमी करणं हा त्यांचा प्रांत. त्यांनी बंदूक उघडली. आत मोटर, तीन चाकं आणि एक स्प्रिंग. चाकं स्प्रिंग मागे ओढायची आणि सोडायची. आधी त्यांनी कमी ताकदीची बॅटरी लावली, तर बंदूक कण्हून बंद पडली. मग रविवारभर खपून नवी चाकं कापली. आता मोटरनं खूप फेऱ्या घ्याव्यात तेव्हा कुठे स्प्रिंग एकदा मागे जावी. जोर वाढला म्हणून स्प्रिंगही जाड घातली, आणि छर्ऱ्यांना मोठा डबा जोडला. बंदूक दर तीन सेकंदांना एक छर्रा सोडू लागली, तोही असा की झाकणाला पोचे पडले. भाऊजींनी स्टॉपवॉच लावून तासभर तपासलं. एका क्षणाचाही फरक नव्हता.

दोन दिवस माकडं फिरकली नाहीत. तिसरा दिवस सुट्टीचा. एक म्हातारी माकडीण कठड्यावर येऊन बसली आणि ऐकत राहिली. टण्ण. मग ती उतरली, सांडगा उचलला आणि पुढच्या टण्णच्या आत जागेवर. दुपारपर्यंत अख्खी टोळी तालात जेवत होती. मला हसू आवरेना. भाऊजी मात्र स्टॉपवॉच हातात धरून बघत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तीनला येणारा अपूर्व तेवढ्यात सव्वाचारला आला. त्यानं थोडा वेळ पाहिलं.

"काका, चाक फारच चांगलं झालंय," तो म्हणाला. "स्वल्प खराब असलेलं एखादं आहे का तुमच्याकडे?"

तीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस काम. परत येताना त्यांनी रुमालात गुंडाळून एक चाक आणलं. लाल ठिपका त्यांच्याच हातचा. एक दात झिजलेला, कधी धरायचा, कधी निसटायचा. ते बसवताना त्यांनी मान वळवून घेतल्याचं मी पाहिलं.

टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोनदा. मग इतकी शांतता की म्हातारी निर्धास्त होऊन खाली आली, हात पुढे केला आणि टण्ण. ती थबकली, पुन्हा कान देऊन बसली, पुन्हा फसली. शेवटी तिनं भाऊजींकडे एक नजर टाकली आणि टोळी घेऊन समोरच्या वकिलांच्या गच्चीवर गेली. ती पुन्हा आली नाही.

सांडगे खडखडीत वाळले त्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर होतो. भाऊजींनी अनुषाला विचारलं, अपूर्व किती वाजता येणार आहे. ती खाली बघत म्हणाली, पाच म्हणाला होता. सहाला दहा कमी होते.

भाऊजींनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "येईल तेव्हा येऊ दे. त्याच्यासाठी चार सांडगे तळ."

अनुषा तिथंच रडायला लागली. आणि लग्नाच्या वाळवणाला घरातल्या कोणालाही हात लावू न देणारी आमची अक्का स्वतः तेल तापवायला खाली गेली.