बोर्डावरचा पाचवा बाण

आमच्या घरात पुस्तक एकच. कपड्यांच्या गाठोड्यात गुंडाळलेलं माझं चौथीचं गणित. आई-बाबा ऊसतोडीला. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत, आणि सहा महिने पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत. तिथं नवरा-बायको मिळून मोजतात 'एक कोयता'. एकटा माणूस अर्धा. बिनलग्नाची पोर कशातच नाही... म्हणून लग्नाची घाई. मी त्यातून निघून बीएस्सी, बीएड झाले. घरातली पहिली. भूत, भानामती, उतारा — कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

तेलगावच्या अलीकडे आमची शाळा. नववीचा वर्ग, मंगळवार, तिसरा तास, खिडकीतून लख्ख ऊन. मी ऑनलाइन व्हाइटबोर्डवर शिकवते. चार गट, चार टॅब. कुणीही काही लिहिलं की त्याच क्षणी भिंतीवरच्या स्क्रीनवर उमटतं. प्रत्येक टॅबचा एक बाण, बाणाला नाव — गट एक ते गट चार.

उभ्या उभ्या मनानंच गणित रचून वर्गाला घातलं. सहा जोडपी उसाचा एक फड चार दिवसांत तोडतात, तर एकट्या माणसाला किती दिवस?

चारही गटांचं उत्तर आलं, अठ्ठेचाळीस. तेवढ्यात कोपऱ्यात पाचवा बाण दिसला. नाव — सीमा.

सीमा याच वर्गातली. दिवाळीनंतर आई-बापासोबत कर्नाटकात तोडीला गेलेली. तिचं नाव पटावरून कमी करायचं मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं, आणि बापानं स्थळ पाहिल्याची कुणकुण माझ्या कानावर होती.

बाणानं सावकाश लिहिलं — २४ दिवस. नवरा-बायको = १.

वर्ग हसला. मी भडकले. "कुणाचा चावटपणा आहे? आणा टॅब इकडं!"

चारही टॅब माझ्या टेबलावर, पालथे. पोरं हाताची घडी घालून गप्प. आणि स्क्रीनवर अक्षरं उमटतच होती... मॅडम, बरोबर हाय का?

बोर्डची लिंक त्याच सकाळी बनवलेली. बाहेर कुणालाच दिली नव्हती.

माझा आवाज ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावले, स्क्रीनवरचं नाव पाहिलं. "मॅडम, तुमच्याकडं भुतं पण ऑनलाइन यायला लागली की!"

"भूत मेलेल्याचं असतं सर. पोरगी जिवंत आहे." हजेरीपट काढला आणि सीमाच्या नावापुढं 'हजर' लिहिलं.

मधल्या सुट्टीत तिच्या बापाला फोन लावला. "भाऊ, सीमाकडं इंटरनेटचा फोन आहे का?"

"कशाचा इंटरनेट मॅडम! एवढा एकच बटनांचा डबा हाय सगळ्या घरात."

मग सीमा बोलली. सकाळी काय करत होतीस, विचारलं.

"गणित. बांधावर, मातीत, उसाच्या कांडक्यानं."

"कोणतं?"

"सहा जोडप्यांचं. चोवीस आलं... तुमीच तर सांगितलं की मॅडम! बरोबर हाय का?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. पण मास्तरीण आहे मी, चुकलेलं तपासणारच.

"चूक. नवरा-बायको म्हणजे दोन माणसं, सीमा. बाईही एक पूर्ण माणूस धरायची. परत कर."

ती पुटपुटत आकडे मांडू लागली. मग — "अठ्ठेचाळीस."

"आता बापाला दे फोन." त्याला म्हटलं, "रविवारी येते. पोरीला शाळेत घेऊन जाणार."

"बोलणी झालीत मॅडम. पुढच्या साली तिचा कोयता लागंल..."

"मोडा बोलणी. पोर पंधराची आहे. लग्न लावलंत तर तक्रार करणारी पहिली मी!"

तो बायकोशी काहीतरी बोलला. मग म्हणाला, "या मग. भाकरी खाऊनच जा."

कंप्युटरवाल्याला बोर्ड दाखवला. म्हणाला, त्या तासाला चारच टॅब जोडलेले होते. पाचव्याचं अक्षर मात्र तिथं आजही आहे. कुणी नेटवर्कचा घोळ म्हणतं, कुणी माझ्या मनाचे खेळ. मनाचे खेळ स्क्रीनवर तीस पोरांना दिसतात होय? मला उत्तर सापडलं नाही. शोधायचंही सोडून दिलं.

सीमा मावशीकडं राहून दहावी पास झाली. आज अंबाजोगाईत अकरावी सायन्सला आहे. लग्न झालेलं नाही.