भावजींचा सरकारी नियम

जूनमधली गोष्ट. आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधल्या मंजिरीचा चाळिसावा वाढदिवस होता. सहाला समुद्रावर भेटा, जेवायची जागा सरप्राइज, एवढाच तिचा मेसेज.

ताई आणि भावजी तेव्हा आमच्याकडे हॉलंडमध्ये, रायस्वाइकला आले होते. भावजी गोवा सरकारच्या नोकरीत... रीतसर परवानगी काढूनच परदेशी आलेले. त्यांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. मी, ते दोघं आणि माझा मित्र नीलेश, असे ट्रामने निघालो.

मंजिरीने आम्हाला नेऊन उभं केलं ते एका कॅसिनोच्या दारात. आतलं रेस्टॉरंट उत्तम आहे म्हणे.

नीलेशला ऑनलाइन जुगाराची सवय लागली होती. त्यातून सुटण्यासाठी त्याने स्वतःच आपलं नाव इथल्या जुगारबंदीच्या यादीत घातलं होतं. हे आमच्या ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं.

इथे दारात प्रत्येकाचं ओळखपत्र मशीनवर तपासतात. यादीत नाव असेल तर आत सोडत नाहीत. म्हणजे नीलेशला सगळ्यांसमोर परत फिरवणार... आणि आपल्या लोकांत अशी बातमी पसरायला किती वेळ लागतो, ते आपल्याला ठाऊकच आहे.

मी दुसरीकडे जाऊ या म्हणून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. नीलेश खिसे चाचपत मागे सरकत होता. कार्ड विसरलो म्हणायचीही सोय नव्हती, ट्राममध्ये त्याने पाकीट काढलेलं ताई-भावजींनी पाहिलं होतं.

तेवढ्यात भावजी रांगेतून बाजूला झाले. "मला आत येता यायचं नाही. आम्हा सरकारी नोकरांना कॅसिनोत जायला बंदी आहे. ड्युटी असली तरच."

"अहो भावजी, तुमचं सरकार राहिलं गोव्यात," मंजिरी म्हणाली.

"नोकरी माझ्याबरोबरच आहे की."

"फक्त जेवायचंय हो," तिचा नवरा अमेय म्हणाला. "पत्ते कोण खेळतंय?"

"पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही. तुम्ही जेवून या सावकाश. मी बसतो त्या बाकावर."

ताई ओशाळली. "अहो, किती ताणताय? पोरीचा वाढदिवस आहे."

पण भावजी ढिम्म. आता पाहुण्याला बाहेर बसवून आत कोण जेवणार? मंजिरीने तोंड पाडून बुकिंग रद्द केलं आणि आम्ही किनाऱ्यावरच्या टपरीवर तळलेले मासे खाल्ले. "मासा ताजा आहे, मीठमसाला घालायचं राहिलंय," असा भावजींनी शेरा मारला, तेव्हा कुठे मंजिरी हसली. अमेयने मात्र त्यांचं नाव 'सरकार' ठेवलं ते ठेवलंच. परतताना ट्राममध्ये ताई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सहज विचारलं, तो नियम परदेशातही लागू असतो का?

"काय माहीत," भावजी म्हणाले. "आमच्या आदेशात हॉलंडचं काही लिहिलेलं नाही."

"मग?"

"तुझा तो मित्र... मशीन दिसल्यापासून मागे मागे सरत होता. आमच्या ऑफिसात एकजण होता, जुगाराने पार बुडाला. कॅसिनोचा विषय निघाला की त्याचा चेहरा असाच व्हायचा." मग आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाले, "हिला नको सांगूस. तिच्या पोटात राहायचं नाही."

त्यांनी नीलेशबद्दल पुढे एक प्रश्न विचारला नाही. जाईपर्यंत 'सरकार, सरकार' ऐकून घेतलं आणि हसत राहिले.

गेल्या आठवड्यात मंजिरीच्या घरी जेवताना नीलेशने स्वतःच सगळ्यांना सगळं सांगितलं. शांतपणे, हातातलं ताट बाजूला ठेवून. कोणी उपदेश केला नाही. मंजिरीने त्याला आणखी वरण वाढलं.

त्याला विचारूनच हे लिहितोय, नावं तेवढी बदलली आहेत. ताईलाही आता सांगितलंय. भावजींनी त्या संध्याकाळी सगळ्यांचं बोलणं अंगावर घेतलं, म्हणून नीलेशला आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगता आली... दारावरच्या मशीनने ती सांगितली नाही.