चुकीचं जहाज

माझ्या वडिलांना, आप्पांना, काचबिंदू झाला. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात आप्पांनी कपाटातून जहाजांचे फोटो काढले. त्यांनी उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत वेल्डर म्हणून काढली. गावी, न्हावऱ्याला परतताना ते फोटो त्यांनी सोबत आणले होते. बहुतेक मालवाहू जहाजांची नावं आता त्यांनाही आठवत नव्हती.

"दिसतंय तवर नावं लावून ठीव," ते मला म्हणाले.

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये काम करते. सेकंड शिफ्ट असली की सकाळी मी एकेक फोटो जुनी जहाजं ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे. धुराडं, डोलकाठ्या, खिडक्या बघून तिथली माणसं नाव सांगायची. मग आप्पा भिंग लावून बराच वेळ बघत. "व्हय, हीच. हिच्या तळाचा पत्रा आमी बदलला व्हता."

एका फोटोला मात्र ते हात लावू देत नव्हते. त्यातल्या जहाजाची पुढची बाजू फोटोच्या चौकटीबाहेर राहिली होती, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. "हिचं नाव मला ठावं हाय," एवढंच ते म्हणत. दुरुस्तीच्या वेळी या जहाजाच्या टाकीत आग लागली आणि त्यांचा दौंडचा मित्र आतच गेला. त्याच फोटोची एक प्रत आप्पांनी त्याच्या बायकोला नेऊन दिली होती.

साल तरी कळेल म्हणून मी त्यांना विचारून तोही फोटो टाकला. उत्तर आलं, की हे ते जहाज नव्हे. एकाच आराखड्यावरून दोन जहाजं बांधली होती, त्यातलं हे दुसरं. याला खिडक्यांची एक ओळ जास्त आहे. त्या माणसानं खऱ्या जहाजाचाही फोटो पाठवला. ते कधीच भंगारात गेलं होतं.

मी वाचून दाखवलं. आप्पा जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "दौंडला जायला पायजे."

रविवारी त्यांना स्कूटीवर मागं बसवून मी निघाले. त्या मित्राच्या बायकोच्या, काकूंच्या घरात नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारी जहाजाचा फोटो होता. आप्पांनी खाली बघतच सगळं सांगितलं. "चूक माझी हाय, वहिनी."

मी नवा फोटो काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो भिंतीवरच्या फोटोशी ताडून पाहिला.

"सारखीच दिसत्यात की," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रोज दिवा लावताना मी ह्या जहाजाला शिव्याशाप देत आले. आन् ह्यानं तर काहीच केलं न्हवतं."

काकूंनी स्टुलावर चढून जुना फोटो काढला, पदरानं पुसला आणि पालथा ठेवला. नवा लावला नाही. चहा मात्र केला.

"भाऊजी, तुम्ही नसतं सांगितलं तरी चाललं असतं," निघताना त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच आप्पांना ते जास्त लागलं असावं.

परत आल्यावर त्यांनी फोटोंचं नाव काढलं नाही. मी एकदा गठ्ठा पुढ्यात ठेवला, तर म्हणाले, "कशाला? आणिक कुणाला तरी खोटं पाडशील." निम्म्याहून अधिक जहाजं बिननावाची राहिली. आता मी दारात उभी राहिले, तरी बोलल्याशिवाय त्यांना मी आहे हे कळत नाही.