न गायलेलं स्वागतगीत

आमच्या बाबांचा देवावर नव्हता इतका विश्वास छापील अक्षरावर. ते अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते, मी कॉलेजात, आणि मला वार्ताहर व्हायचं खूळ. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. अमरावतीला विद्यार्थ्यांसाठी तीन दिवसांचं पत्रकारिता शिबिर निघालं, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "जाय. तुयं नाव पेपरात आलं तर पुढं लिहित बस. नाई आलं तर औंदा लगन. मंग रडू नको."

शिबिरात चौदा मुलं आणि मुलगी मी एकटी. पहिल्या दिवशी एक वक्ते खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून आले. आता बातम्या हवेतून येणार, वर्तमानपत्रांचे बारा वाजले समजा, म्हणाले. दुसऱ्या दिवशीचे म्हणाले, ट्रान्झिस्टरात कुणी भजी बांधून देत नाही, म्हणून वर्तमानपत्र अमर आहे. आम्ही दोघांनाही सारख्याच टाळ्या दिल्या.

खरी विद्या दिली ती तिसऱ्या दिवशी आलेल्या एका संपादकांनी. त्यांचा पेपर अकोल्याहून निघायचा. अमरावतीच्या बातमीचं पाकीट चारच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, अशी रीत. आमचा समारोप होता पाचला.

"मग बातमी लिहायची कधी?" मी विचारलं.

"दोनला. कार्यक्रम काय, मागून होतच असतो!"

पाहुण्यांचं भाषण विचारप्रवर्तक, श्रोते मंत्रमुग्ध, आभार मानून सांगता. हे झालं की बातमी झाली. सर्वांत चांगली बातमी छापणार आणि तिच्या लेखकाला वार्ताहर नेमणार, असं त्यांनी सांगितलं आणि चौदा माना कागदावर वाकल्या.

समारोप म्हटला की स्वागतगीत आलंच, आणि स्वागतगीत म्हटलं की मुलगी. "मले गाता येत नाई," मी शिबिराच्या चिटणिसांना स्पष्ट सांगितलं. "सगळ्या मुली असंच म्हणतात," ते हसून म्हणाले. चौदाच्या चौदा बातम्यांत मी सुमधुर आवाजात गायले. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या! मी पाकिटात कागद टाकलाच नाही. म्हटलं, आधी काय होतं ते पाहू, मग लिहू.

पाच वाजले, सहा वाजले, पाहुणे काही आले नाहीत. हार सुकत चालला म्हणून चिटणिसांनी तो प्राचार्यांना घातला. प्राचार्यांनी मोठ्या मनानं तोच काढून चिटणिसांना घातला. पेटीवाला सूर धरून माझी वाट बघत होता आणि मी तिसऱ्या रांगेत वही घेऊन ठाण मांडून बसले होते. सगळे खुणा करकरून थकले, मी जागची हलले नाही.

हे सारं जसंच्या तसं लिहून मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला संपादकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"यात घडलं काय? पाहुणे आले नाहीत, गाणं झालं नाही. न घडलेल्याची बातमी होत नसते, बाई."

त्यांच्या कोपराखाली त्या दिवसाचा अंक होता. त्यात पाहुणे तासभर बोलले होते आणि मी गायले होते, नावासकट.

घरी आले तर बाबांनी कणकेची खळ करून ते कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलेलं.

"बाबा, मी गायलेच नाही."

"पेपर काय लबाड बोलते?"

"मग नाव तर आलं ना?"

"लिहिणारीचं यायचं होतं, हे गाणारीचं आलं. पर हरकत नाई, लग्नाले कामी पडते."

त्या दिवशी मला रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला.

पंधरा दिवसांत अकोटचे लोक मला पाहायला आले. पोहे झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "म्हण बाई एखादं गाणं. आमी पेपरात वाचलं." बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी आत गेले, वही आणली आणि गाण्याऐवजी माझी बातमी खणखणीत वाचून दाखवली. हाराच्या वाक्याला मुलाचे वडील खो-खो हसले. मग एकदम गंभीर झाले.

"पोरगी जे झालं तेच लिहिते," ते बाबांना म्हणाले. "आमच्या घरी कसं जमाचं हे?"

कळवतो म्हणून ते गेले, ते गेलेच. बाबांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली.

"हे काहून नाई छापलं त्याइनं?"

"यात बातमी नाही म्हणे."

"नाई कशी?" बाबा उखडलेच. "आत्ताच्या आत्ता लिही त्याइले, का मी गायलीच नाई. अन् खाली नाव टाक तुयं."

आठवड्यानं कापसाच्या भावाखाली दोन ओळींचा खुलासा आला. 'शिबिराच्या समारोपात मी स्वागतगीत गायले नाही.' खाली माझं पूर्ण नाव. माझ्या हातचं छापून आलेलं पहिलं वाक्य ते. बाबांनी पुन्हा खळ केली, आधीच्या कात्रणाशेजारी हे चिकटवलं आणि हात पुसत म्हणाले, "आलं लिहिणारीचं नाव. औंदा लगन नाई."